पोटात नसलेली गाठ

तापीचा पूल ओलांडला आणि आबांनी गाडीचा वेग कमी केला. पुढे आग्रा रोड माणसांनी भरून गेला होता. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मध्य प्रदेशच्या नंबराच्या जीपगाड्या, भज्यांचे गाडे. शिरपूरच्या अलीकडच्या त्या फाट्यावर पाकळीबाबाचा मळा होता, आणि तो रविवार होता. बाबाचा दरबार गुरुवारी आणि रविवारी भरे. रविवारी सरकारी दवाखाना बंद असतो, हा बाबाचा पहिला चमत्कार.

१९९६ सालचा जानेवारी. मी जळगावहून धुळ्याला आले होते आणि मुद्दाम थांबून आबांचीच धुळे–शिरपूर गाडी पकडली होती. आबा, म्हणजे माझे वडील अभिमन सोनवणे, एसटीत ड्रायव्हर होते. जळगावच्या कॉलेजात ग्रंथपाल झाल्यापासून माझं घरी जाणं महिन्यातून एकदाच होई, आणि तेव्हा त्यांच्या मागच्या सीटवर बसून घरी पोचायचं हा आमचा ठरलेला बेत असे.

"अभिमन भाऊ, जरा धीरे," झुलालकाका मागून अहिराणीत म्हणाले. ते आबांचे कंडक्टर आणि तरुणपणापासूनचे मित्र. "आजारी लोके शेतस."

"आजारी? माले त बठ्ठा धडधाकट दिसी राह्यनात. भजी खाई राह्यनात."

शेजारच्या सीटवरच्या बाई सरसावल्या. "हसू नका भाऊ. माझ्या जावेच्या पोटातली गाठ काढली त्यांनी. चाकू नाही की सुरी नाही. फुलाची पाकळी फिरवली, पोट उघडलं, गाठ बाहेर. वर टाका नाही, वण नाही."

"मंग या गाडीना गिअरबॉक्स दाखाडू का त्याले?" आबा म्हणाले. "कवयपासून खडखड करी राह्यना. डेपोवाला हात लावत नही."

गाडी हसली. त्या बाईसुद्धा हसल्या. आबांनी हॉर्न दाबला, गर्दी फाकली आणि आम्ही पुढे निघालो. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. खिडकीतून थंड वारा येत होता आणि ते गुणगुणत होते. मी पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही.

शिरपूरच्या स्टँडवर ते उतरले तेव्हा त्यांनी सीटवरची टॉवेलची घडी उचलली आणि पटकन उलटी केली. तरी मला दिसलं. घडीच्या मधोमध ताजं रक्त होतं.

रात्री आईला विचारलं. आई, द्रौपदाबाई, भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. "वर्षभर धुतेय मी तो टॉवेल. मूळव्याध आहे म्हणतात. डायवर लोकांना असतेच."

डेपोत हे सगळेच म्हणत. दिवसभर इंजिनच्या उष्णतेवर बसायचं, वेळेवर खाणं नाही, मग दुसरं काय होणार? दर दुसऱ्या ड्रायव्हरच्या पेटीत तेच मलम असे आणि ते एकमेकांना उसनं दिलं जाई. एका डॉक्टरांनी आबांना लांबूनच गोळ्या लिहून दिल्या होत्या. तपासलं नव्हतं. आबांनी तपासू दिलं नव्हतं, असंही असेल. आमच्या घरात त्या जागेला शब्दच नव्हता. 'खालचं' म्हणायचे. ते म्हणतानाही दुसरीकडे बघायचे.

मी त्यांना धुळ्याला डॉ. नेरकरांकडे नेलं. त्यांनी मला बाहेर बसवलं, हातमोजा घातला आणि बोटाने तपासलं. मग छोटी नळी घालून तुकडा काढला आणि तपासणीला पाठवला. रिपोर्ट आल्यावर आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी कागदावर चित्र काढलं.

"ही गाठ आहे. कॅन्सरची आहे, पण लहान आहे, शर्टाच्या बटणाएवढी. बोटाखाली हलते, म्हणजे खोल रुतलेली नाही. तुमचं नशीब चांगलं आहे, सोनवणे. मुंबईला माझे एक सर आहेत. खालच्याच वाटेने एक नळी घालतात, तिच्यातून दुर्बिणीने सगळं मोठं करून बघतात, गाठ भोवतालच्या थोड्या चांगल्या भागासकट कापून काढतात आणि आतल्या आत टाके घालतात. पोट फाडायचं नाही. आठवड्याच्या आत माणूस घरी येतो."

"आणि नाही केलं तर?" मी विचारलं.

"तर गाठ भिंतीच्या आरपार जाईल. मग पोट उघडावं लागेल, ती जागा कायमची बंद करावी लागेल आणि शौचाची वाट पोटावर काढून तिथं पिशवी लावावी लागेल. त्याच्याही पुढे गेली तर माझ्या हातात काही राहणार नाही. म्हणून आत्ता जा."

आबा चित्राकडे बघत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, त्या वेळी तिथं कोण कोण असतं?"

"मोठे डॉक्टर, त्यांचे मदतनीस, सिस्टर. तुम्हाला भूल दिलेली असेल. तुम्हाला काही कळणार नाही."

"मला नाही," आबा म्हणाले. "त्यांना तर कळेल."

डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

घरी आल्यावर आईने गल्लीला काय सांगायचं ते ठरवून टाकलं. पोटात गाठ आहे. पोटात म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. बायका हळहळल्या, झुलालकाकांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. मी जळगावला रजा टाकायला आणि मुंबईची तारीख घ्यायला गेले. परत आले तेव्हा झुलालकाका ओट्यावर बसून आबांना समजावत होते.

"डॉक्टर काय म्हणस? पोट फाडानं नही. बाबा भी तेच म्हणस. मंग मुंबईले कसाले जावानं?"

"काका, त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत," मी म्हणाले.

"माय, तू शिकेल शे. मी फक्त तिकिटं फाडस. पण मनी डोयानी देखेल शे."

मी आबांकडे पाहिलं. गिअरबॉक्सचा विनोद करणारा हा माणूस हे हसण्यावारी नेईल अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, "एक चक्कर टाकी येऊत. काय जास आपलं?"

गुरुवारी आम्ही मळ्यात गेलो. फाटकावर बाबाचा चेला निंबा उभा होता. प्रत्येक आजाऱ्याच्या नातेवाइकांना तो मोठ्या आपुलकीने बाजूला घेई. नाव काय, गाव कोणतं, काम काय, दुखतं कुठं, डॉक्टर काय म्हणाले. आईने पदर तोंडाशी धरून सांगितलं, "पोटात गाठ आहे. डावीकडं, बेंबीच्या खाली." निंबाने मान हलवली आणि आम्हाला नारळाच्या रांगेत बसवून तो आत गेला.

बाबा वयाने फार नव्हता. अंगावर भगवी लुंगी, मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. बोलणं हिंदी, गुजराथी आणि अहिराणी यांची खिचडी. समोरचा माइक खरखरत होता.

"सुनो, सुनो! डाक्टर लोगों को अब अक्कल आयी! म्हणे, दुर्बिणीनं ऑपरेशन करतो, लहान भोक पाडतो. अरे भाई, भोक तरी कायको? आम्ही भोकबी पाडत नाय! जर्मनीवाला मशीन मंगाता है, मैं झेंडू मंगाता हूँ! चाकू नही, टाका नही, गुंगी नही. माणूस चालत येस, चालत जास!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला डॉ. नेरकरांचं चित्र आठवलं. खऱ्या गोष्टीची चाहूल लागली की खोटं तिचेच कपडे घालून आधी दारात येऊन उभं राहतं. चार वर्षांपूर्वी कोणी 'पोट न फाडता गाठ काढतात' म्हणालं असतं तर झुलालकाकाही हसले असते. आता डॉक्टरच तसं म्हणत होते, आणि त्या वाक्यावर बाबाचा मळा पिकत होता.

आबांचा नंबर आला. बाबाने डोळे मिटले, हवेत हात फिरवला.

"ड्रायवर है तू. शिरपूर डेपो. पेट में गाठ. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला. लिंबाएवढी. बरोबर?"

गर्दीतून उसासा उठला. आईने हात जोडले. आपणच ते फाटकावर सांगितलं होतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आबांना खाटेवर उताणं झोपवलं. बाबाने बनियन छातीपर्यंत वर सरकवली. पँटला हातही लावला नाही.

पोटावर हळदीचा लेप दिला, त्याला भंडारा म्हणाले. निंबाने आणलेल्या तांब्यातल्या 'तीर्थात' बाबाने हात बुडवले. मग झेंडूचं मोठं फूल मुठीत धरून त्याची एक पाकळी पोटावर फिरवली आणि हात दाबला. पिवळ्या पोटावर लालभडक ओघळ आले. बायका किंचाळल्या. बाबाने पोटाची घडी दोन्ही हातांनी दाबली, बोटं आत गेल्यासारखी दिसली आणि एका झटक्यात काळपट लाल गोळा बाहेर आला. त्याने तो सगळ्यांना दाखवला, लांबून, आणि लगेच बाजूला पेटलेल्या धुनीत टाकला. निंबाने ओल्या फडक्याने पोट पुसलं. वण नव्हता. कुठून असणार?

धुनीतून वास आला. आमच्या घरी रविवारी मटण असे, आणि आबांना कलेजी चुलीवर भाजून लागे. तो वास मला पाठ होता. मी आबांकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

"सव्वा महिना दूधभात," बाबाने बजावलं. "आणि बघ, वर्षभर दुसऱ्या कोणाची नजर त्या जागेवर पडू द्यायची नाय. डाक्टरची तर नायच. नजर पडली की गाठ परत!"

घरी येऊन मी बनियन मागून घेतली. तिच्या कडेला लाल डाग होता. वर्षभर आईने धुतलेल्या टॉवेलावरचे जुने डाग तपकिरी झाले होते, हा मात्र कुंकवासारखा लाल होता. मी त्याच्यावर लिंबू पिळलं. डाग पिवळा झाला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि आंबट लागलं की पुन्हा पिवळी. बाबाच्या तीर्थात चुन्याची निवळी होती. मी बनियन आबांच्या समोर धरली आणि हे सगळं सांगितलं. फुलात लपवलेली कलेजीही सांगितली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माले आते बरं वाटस."

आणि खरंच बरं वाटत होतं. दूधभाताने पोट हलकं राहिलं, रक्त कमी झालं. असं रक्त मधूनमधून थांबतंच, हे मी नंतर पुस्तकांत वाचलं. मुंबईची तारीख आली आणि गेली. मी दुसरी घेतली. ती जवळ आली तशी आई रडून म्हणाली, डॉक्टरची नजर पडली आणि गाठ परत आली तर? दरम्यान निंबा घरी येऊ लागला. बाबाने 'डायवर साहेबांना' बोलावलंय म्हणे. दर रविवारी आबांना स्वच्छ शर्ट घालून दरबारात पहिल्या रांगेत बसवत. बाबा माइकवरून विचारे, "कुठं आहे गाठ?" आबा उभे राहून पोटावर हात फिरवत. लोक जयजयकार करत. माझे वडील, ज्यांनी उभ्या जन्मात लायनीवर कुणाला खोटं टायमिंग सांगितलं नव्हतं, ते असे उभे राहत. मी एकदाच ते पाहिलं आणि पुन्हा गेले नाही.

दिवाळीच्या आधी त्यांना शौचाला होईना. पोट फुगलं. धुळ्याला नेलं तेव्हा डॉ. नेरकरांनी पुन्हा हातमोजा घातला. बाहेर येऊन ते माझ्यासमोर बसले.

"बटण होतं," ते म्हणाले. "आता मूठ आहे, आणि हलत नाही. यकृतातही गेलंय. वाट मोकळी करायला पोटावर पिशवी लावावी लागेल. बरं करण्यासाठी नाही. शेवटचे दिवस सुसह्य व्हावेत म्हणून."

पिशवी लावल्यानंतर एका दुपारी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. मी पिशवी बदलली होती. आता त्यांची लाज संपली होती, किंवा तिला बळ उरलं नव्हतं.

"आबा," मी म्हणाले, "गाठ खाली होती. त्याने पोटातून काढली. तुम्हाला तिथंच कळलं नव्हतं?"

"कयनं व्हतं," ते म्हणाले. "तठेच. कलेजीना वास उना ना."

"मग?"

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"त्यानी माले कपडा उतारानं सांगं नही, माय."

मी त्यांचा हात धरून बसले. डेपो, बस, गल्ली, सगळीकडे ताठ वावरलेला माणूस. डॉक्टरांनी त्यांना आयुष्य देऊ केलं होतं, पण त्यासाठी त्यांना कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायला लावलं होतं. बाबाने फक्त बनियन वर सरकवली आणि आजाराला सभ्य जागा दिली. पोटात. जिथली गाठ माणूस चारचौघांत सांगू शकतो. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. बाबाला ते पक्कं माहीत होतं आणि त्याचं सगळं दुकान त्याच्यावर उभं होतं.

आबा डिसेंबरात गेले.

दिवसकार्याला अंगणात मांडव होता. डेपोतले जवळजवळ सगळे आले होते, खाकी कपड्यांत, ड्यूटीच्या अधेमधे. निंबाही आला, बाबाच्या नावाचा हार घेऊन. झुलालकाका बोलायला उभे राहिले. रडत रडत म्हणाले की अभिमन भाऊसारखा डायवर होणे नाही. मग म्हणाले, "पोटनी गाठ बाबानी काढेल व्हती. ती परत उनी. डॉक्टरनी नजर पडनी ना."

निंबाने गंभीरपणे मान डोलावली. "पथ्य मोडलं ना भाऊ. बाबा काय करणार?"

मागच्या बाकावर बसलेल्या एका ड्रायव्हरने, पितांबरभाऊने, बाजूच्याला हळूच विचारलेलं मी ऐकलं, "येत्या रविवारी जाऊत का? माले भी जरासा त्रास शे." आणि तो त्रास कुठला, हे त्याने सांगितलं नाही. तो टेकून न बसता एका बाजूवर तोलून बसला होता. आबा तसेच बसायचे.

मी उठले. घरातून हळद आणि अर्धं लिंबू आणलं. "काका, तुमची तंबाखूची डबी द्या," म्हणाले. झुलालकाकांनी गोंधळून डबी दिली. मी माझ्या हातावर ओली हळद चोळली, डबीतला चुना बोटावर घेऊन तिच्यावरून फिरवला. हात रक्ताने माखल्यासारखा लाल झाला. मागचे उठून बघू लागले. मी लिंबू पिळलं. हात पिवळा झाला.

"हे तीर्थ," मी म्हणाले. "आणि गोळा म्हणजे बकऱ्याची कलेजी, फुलात लपवलेली. म्हणून तो लगेच धुनीत टाकायचा. तुमच्यातल्या कितीजणांना तो वास आला होता?"

दोघंतिघं खाली बघू लागले.

"ताई, हा बाबाचा अपमान आहे," निंबा म्हणाला. "मग त्यांना गाठीची जागा कशी कळली? बेंबीच्या खाली, डावीकडं?"

"मना भी तोच सवाल शे," झुलालकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात मात्र भांडण नव्हतं. "बाबाले कसं कयनं?"

"आईने फाटकावर निंबाला सांगितलं म्हणून. पण काका, गाठ तिथं नव्हतीच. पोटात कधीच नव्हती."

"मंग कोठे व्हती?"

आईने मागून माझा पदर ओढला. "नको गं," ती पुटपुटली. "माणूस गेलाय आता. त्यांची लाज तरी राहू दे."

मी तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. आयुष्यभर इतकी पुस्तकं वाचली, पण हे वाक्य मी कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांसमोरही नाही, आबांसमोरही नाही.

"माझ्या वडिलांना गुदाशयाचा कॅन्सर झाला होता," मी म्हणाले. "गुदाशय म्हणजे संडासची जागा, तिच्या आत, बोट पोचेल इतक्या अंतरावर. तिथून त्यांना वर्षभर रक्त जात होतं आणि आपण सगळे त्याला मूळव्याध म्हणत होतो. बहुतेकांना मूळव्याधच असते. काहींना नसते, आणि ते तपासल्याशिवाय कोणालाच कळत नाही, डॉक्टरलाही नाही. माझ्या वडिलांची गाठ बटणाएवढी असताना सापडली होती. त्याच वाटेने आत जाऊन ती काढता येत होती, पोट न फाडता, पिशवी न लावता. ते लाजले. आम्हीही लाजलो. तुमच्यापैकी ज्याला रक्त जातं त्याने रविवारची वाट बघू नये. सोमवारी धुळ्याला जावं, आणि डॉक्टर म्हणाले की कपडे काढावेत. पितांबरभाऊ, मी तुमच्याशी बोलतेय."